देशासाठी मागताना

सावनेरहून छिंदवाडा रोडने नागपुरात शिरणाऱ्या माणसाला सदर भाग नवा नसतो. कोणी कचेरीच्या कामाला जातो, कोणी दवाखान्यात, कोणी मुलांची पुस्तके आणायला. त्याच बाजूला ऑल सेंट्स कॅथेड्रल नावाचे इंग्रजी अमदानीतले जुने चर्च आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते रस्त्यावरून पाहिले असेल. पण या चर्चमध्ये एके दिवशी जे घडले ते आम्हा मुसलमानांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी या ठिकाणी सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापले स्वतंत्र संघटन सोडून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या नावाची एक मंडळी स्थापन केली. त्यात अँग्लिकन होते. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचे लोक आधीच एकत्र आले होते, तेही होते. बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट होते. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. या एकीची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती. म्हणजे बोलणी सुरू झाल्यापासून एक होईपर्यंत एक्केचाळीस वर्षे गेली. मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, पिढ्या बदलल्या. बोलणी मात्र चालू राहिली.

मतभेद क्षुल्लक नव्हते. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करावा, की माणूस जाणता होऊन स्वतः श्रद्धा जाहीर करील तेव्हाच करावा, हा त्यांच्यातला शेकडो वर्षांचा वाद. बिशप असावा की नसावा हा दुसरा. यांपैकी कोणालाही 'तुमचे चुकले' असे म्हणावे लागले नाही. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य करण्यात आल्या. 'आमीन' मोठ्याने म्हणावे की मनात, तरावीह आठ रकात की वीस, यावरून जिथे मशिदी वेगळ्या होतात, त्या समाजाला ही हकीकत परकी वाटू नये.

ही मंडळी एक झाली ती केवळ मालमत्ता आणि कारभार एकत्र करण्यासाठी नव्हे. ख्रिस्ती उपासनेत राज्यकर्त्यांसाठी, न्याय करणाऱ्यांसाठी, देशातल्या गरिबांसाठी प्रार्थना करण्याची जागा राखून ठेवलेली असते. सहा ठिकाणी सहा तऱ्हांनी केलेली ही मागणी पुढे एकत्र होऊ लागली. निरनिराळ्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची देशव्यापी परिषद, नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया, हिचे मूळ १९१४ सालचे. तिचे मुख्यालयही नागपुरातच आहे. तेव्हा देशासाठी एकत्र प्रार्थना करणारे ख्रिस्ती बांधव हा विषय आम्हाला दूरचा नाही. तो आमच्या जिल्ह्याचाच आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अल्पसंख्य समाज जेव्हा एकत्र येऊन देशासाठी प्रार्थना करतो, तेव्हा तो नेमके काय करत असतो? तो ईश्वराशी बोलत असतो, की शेजाऱ्याला ऐकवत असतो? आणि ज्याला आपली निष्ठा वारंवार सिद्ध करायला सांगितले जाते, त्याच्या ओठांवरची अशी प्रार्थना निखळ राहू शकते काय?

आपल्या धर्मात दिखाव्यासाठी केलेल्या इबादतीला 'रिया' म्हणतात, आणि रिया हा लहान गुन्हा मानलेला नाही. बायबलमध्येही येशूंचा उपदेश आहे की लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करू नका, दार लावून एकांतात करा. दोन्ही धर्म या बाबतीत एकच सांगतात. मग देशासाठी केलेली सामुदायिक प्रार्थना ही तर उघड्यावरच होणार. तिची तारीख ठरते, ती जाहीर होते, वर्तमानपत्रात येते. ही अडचण खरी आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही.

या अडचणीला आणखी एक कंगोरा आहे. प्रार्थना आणि सत्ता यांचे नाते जुने आहे. मुसलमानी राज्यांत जुमाच्या खुतब्यात ज्याचे नाव घेतले जाई तो सुलतान. खुतबा आणि नाणे या सत्तेच्या दोन खुणा होत्या. १९२४ साली खिलाफत संपेपर्यंत हिंदुस्थानातल्या कितीतरी मशिदींत दूरच्या उस्मानी खलिफासाठी दुआ होत असे. तीच गोष्ट चर्चची. इंग्रजांच्या राज्यात अँग्लिकन उपासनेत इंग्लंडच्या राजासाठी नित्य प्रार्थना होई आणि ती प्रार्थना इथले हिंदी ख्रिस्तीही म्हणत. स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी राष्ट्रपती आणि मंत्री आले. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की धनी बदलला, प्रार्थना तीच राहिली.

पण ज्या ग्रंथातून ख्रिस्ती माणसाने ही रीत घेतली, तो ग्रंथ वेगळे सांगतो. पौलाने राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले ते रोमन साम्राज्यात. ते राज्य ख्रिस्ती लोकांचे नव्हते, पुढे तर त्यानेच त्यांचा छळ केला. त्याच्याही कितीतरी आधी यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात पकडून नेलेल्या यहुद्यांना पत्र लिहिले. तिथे घरे बांधा, बागा लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे, असा त्याचा आशय होता. ज्या शहरात त्यांना बळाने नेले होते, त्या शहरासाठी! यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. राज्यकर्त्यासाठी प्रार्थना करणे आणि राज्यकर्त्याची स्तुती करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्तुती राज्यकर्त्याला ऐकवायची असते. प्रार्थना त्याच्या डोक्यावरून पुढे जाते आणि जो त्याचाही मालक आहे त्याच्याकडे पोचते. किंबहुना राज्यकर्त्यासाठी दुआ मागणे म्हणजे तोही कोणाला तरी जबाबदार आहे, हे त्याच्यासमक्ष सांगणे होय.

म्हणूनच अशी प्रार्थना सत्तेला नेहमीच गोड लागते असे नाही. ८ मे २०१८ रोजी दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी आपल्या धर्मप्रांतातील धर्मगुरूंना पत्र लिहिले. देशातील राजकीय वातावरण अस्वस्थ आहे, पुढच्या वर्षी निवडणूक आहे, तेव्हा देशासाठी प्रार्थनेची मोहीम राबवावी आणि शुक्रवारी उपवास करावा, असे त्यात सुचवले होते. पत्र बाहेर आले आणि गदारोळ झाला. ही प्रार्थना नसून राजकारण आहे, असे काही पुढाऱ्यांनी म्हटले. चर्चच्या बाजूने सांगण्यात आले की देशासाठी प्रार्थना ही आमची नेहमीची रीत आहे, ती कोणा पक्षाविरुद्ध नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात मदरशांना सांगण्यात आले की स्वातंत्र्यदिन साजरा करा आणि त्याचे चित्रीकरण करून ठेवा. म्हणजे देशावरचे प्रेम कॅमेऱ्यासमोर व्हावे! २०१९ मध्ये त्याच राज्यातल्या पिलीभीत जिल्ह्यात एका सरकारी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना निलंबित करण्यात आले. कारण तिथली मुले सकाळी इक्बालांची 'बच्चे की दुआ' म्हणत होती. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना ती दुआ किती जुनी आणि किती निरागस आहे हे माहीत आहे. इक्बालांनी ती १९०२ साली मुलांसाठी लिहिली. फुलाने बाग शोभावी तसा आपल्यामुळे आपला वतन शोभावा, आपल्या हातून गरिबांची मदत व्हावी, असे त्यात मूल मागते. देशासाठीची यापेक्षा सरळ प्रार्थना कोणती असेल?

अल्पसंख्य माणूस या दोन पाट्यांमध्ये सापडतो. देशासाठी काही मागितले नाही तर विचारतात, का मागितले नाही? मागितले तर विचारतात, का मागितले? अशा वेळी दोन सोपे मार्ग समोर येतात. एक मार्ग प्रमाणपत्राचा. मोठ्या आवाजात, मोठ्या फलकाखाली, छायाचित्रकार बोलावून दुआ करायची. दुसरा मार्ग रुसव्याचा. देशाचे नावच काढायचे नाही, आपले आजारी, आपले कर्जदार, आपली परीक्षेला बसलेली मुले एवढ्यांपुरतेच मागायचे. आम्हाला हे दोन्ही मार्ग चुकीचे वाटतात. पहिल्यात ऐकणारा ईश्वर राहत नाही, तर पोलीसपाटील होतो. दुसऱ्यात देशावरचा आपला हक्क आपणच सोडून देतो. ज्या घरावर हक्क आहे त्याच्याच छपराची काळजी माणूस करतो. देशासाठी मागणे हे प्रथम त्या हक्काचे लक्षण आहे.

मग निखळ प्रार्थना ओळखावी कशी? आम्हाला तीन कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी अशी की तिच्यात कोण कोण समाविष्ट आहे. हा प्रश्न सोपा नाही. १९७० च्या ज्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्याच महिन्यात सीमेपलीकडे 'चर्च ऑफ पाकिस्तान' स्थापन झाले. दोघांत सामील झालेली अँग्लिकन मंडळी त्याआधी एकच होती. तिच्या नावातच भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन असे चारही देश होते. एकाच झाडाच्या दोन फांद्या. वर्षभराने, डिसेंबर १९७१ मध्ये, दोन देशांत युद्ध झाले. दोन्हीकडच्या चर्चमध्ये आपापल्या देशासाठी हात जोडले गेले असतील. मशिदींचेही तेच. ईश्वराने कोणाचे ऐकावे? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या शेवटी, १८६५ साली, अब्राहम लिंकन यांनी आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात हाच पेच मांडला होता. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच ईश्वराला विनवतात आणि दोघांचीही प्रार्थना पूर्णपणे फळली नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या पेचातून वाट काढायला आम्हाला कुरआनातील हजरत इब्राहीम (अ.) यांची दुआ मदत करते. सूरह अल-बकरात ती आली आहे. मक्केच्या ओसाड खोऱ्यात उभे राहून त्यांनी त्या गावासाठी दोन गोष्टी मागितल्या. आधी शांतता मागितली आणि मग अन्न. पण अन्न मागताना त्यांनी हात आखडता घेतला. या गावातल्या जे श्रद्धा ठेवतील त्यांना फळे मिळोत, असे ते म्हणाले. त्याला कारण होते. त्याआधी आपल्या संततीसाठी नेतृत्व मागितले तेव्हा अल्लाहने सांगितले होते की माझे वचन जुलूम करणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून अन्न मागताना त्यांनी अदब राखली, असे भाष्यकार सांगतात. तेव्हा उत्तर आले की जो श्रद्धा ठेवणार नाही त्यालाही मी या दुनियेत देईन; त्याचा हिशेब पुढे आखिरतमध्ये होईल.

ही आयत आपण कितीदा वाचली असेल! तिच्यात देशासाठीच्या प्रार्थनेचे सगळे शास्त्र आहे. पैगंबराने मागताना जी मर्यादा घातली ती अल्लाहने स्वतः रुंद केली. नेतृत्वाला अट आहे, भाकरीला नाही. जुलमी माणसाला राज्य मिळावे अशी दुआ आपण करू शकत नाही. पण जो आपल्या बाजूचा नाही, आपल्या कलम्याचा नाही, उद्या आपल्याला मतही देणार नाही, त्याची भाकरी आपल्या दुआत असलीच पाहिजे.

सावनेरच्या माणसाला हे समजायला पुस्तकाची गरज नाही. आमचा भाग कापसाचा आणि संत्र्याचा. पाऊस लांबला की मृग बहार धोक्यात येतो, कापसाची दुबार पेरणी डोक्यावर येते. अशा वेळी मुसलमान मोकळ्या मैदानात जाऊन नमाज-ए-इस्तिस्का पढतात. इमाम अंगावरची चादर उलटी करतो आणि पावसासाठी हात उचलले जातात. हीच मागणी त्याच दिवसांत देवळात होते, विहारात होते, चर्चमध्ये होते. आणि पाऊस येतो तेव्हा तो धुरा पाहून पडत नाही. कोणाच्या दुआने आला हे कोणी विचारत नाही, विचारू नये. देशातली शांतता ही पावसासारखी आहे. ती एकाच्या वावरात पडून दुसऱ्याच्या वावरात न पडणे शक्य नाही. म्हणून जी प्रार्थना फक्त आपल्या वावरासाठी शांतता मागते, ती अपुरी असतेच, शिवाय अशक्य ते मागत असते.

दुसरी कसोटी अशी की प्रार्थना करणाऱ्याने आपल्या घरातले आधी नीट केले आहे का. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात जगभर ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळतात. २०१३ च्या सप्ताहाचे प्रार्थनासाहित्य भारतातून तयार झाले होते. ते तयार करणाऱ्यांनी परधर्मीयांबद्दल तक्रार मांडली नाही. चर्चच्या आतली जात त्यांनी समोर ठेवली. दलित ख्रिस्ती माणसाला न्याय मिळाल्याशिवाय ऐक्याची प्रार्थना कशी करणार, असा तो सवाल होता. जगापुढे स्वतःच्या घरातली जात मांडायला धाडस लागते. आम्ही मुसलमान 'इस्लाममध्ये जात नाही' हे वाक्य म्हणून मोकळे होतो. लग्नाच्या वेळी मात्र बिरादरी पहिल्यांदा विचारतो.

याच ठिकाणी ख्रिस्ती आणि मुसलमान यांचे एक दुःख समान आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मापुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. ख्रिस्ती संघटना १० ऑगस्ट हा दिवस निषेधाचा म्हणून पाळत आल्या आहेत. तिथे प्रार्थनाही होते आणि मागणीही होते. देशावर प्रेम करणारा माणूस देशाचा अन्याय बोलून दाखवतो, यात विसंगती कुठे आहे? ज्या प्रार्थनेत अन्यायाचे नाव घ्यायला बंदी असेल ती ईश्वरापर्यंत जाण्याआधीच तपासली गेलेली असते.

तिसरी कसोटी म्हणजे 'आमीन' म्हटल्यानंतर हात काय करतात. मराठी ख्रिस्ती समाजाने या बाबतीत मोठी माणसे दिली. ना. वा. टिळकांचे नाते आपल्या भागाशी आहे. ते काही काळ नागपुरात होते, आणि १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, हे त्यांनी आयुष्यभर आपल्या कवितेतून सांगितले. पाश्चात्त्य चालींवरच्या भाषांतरित गीतांऐवजी त्यांनी मराठी माणसाला अभंगाच्या वळणाची भजने दिली, ती आजही 'उपासना संगीत' मधून गाइली जातात. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या मुंबईतील काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून हजेरी लावली. त्या तेव्हा ख्रिस्ती होऊन सहा वर्षे झाली होती. त्यांची खरी देशप्रार्थना मात्र केडगावच्या मुक्ती सदनात दिसली. दुष्काळात टाकून दिलेल्या मुलींना त्यांनी तिथे जवळ केले.

आणि आपल्या काळातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी, तिथल्या पाण्यासाठी ते रस्त्यावर उतरले. 'हरित वसई'च्या चळवळीत ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र होते, कारण विहिरीला धर्म नसतो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूने या पदावर बसावे का, असा आक्षेप घेणारेही निघाले. त्यांनी आपले काम केले आणि २०२४ मध्ये ते गेले. देशासाठी हात जोडणारा माणूस गावाच्या विहिरीसाठी भांडतो तेव्हा त्या जोडलेल्या हातांवर विश्वास बसतो.

इथे आमच्यातले काही जण दोन हरकती घेतील. पहिली धर्माची. ते म्हणतील, ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत आपण कसे सामील व्हायचे? आम्ही एकत्र इबादत करा असे म्हणत नाही. प्रत्येकाने आपल्या जागी, आपल्या रीतीने मागावे. पण मागणे एक असायला काय हरकत आहे? नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदिनेला आले तेव्हा त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मशिदीतच आपल्या रीतीने प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत येते. वादाचे मुद्दे मिटले नव्हते, तरीही जागा मिळाली.

दुसरी हरकत व्यवहाराची. प्रार्थनेने काय होणार? अर्ज करा, कोर्टात जा, मतदान करा. हे सगळे करावेच. पण प्रार्थना या कामांच्या आड येत नाही. ज्याने सकाळी साऱ्या गावासाठी अमन मागितला, त्याला संध्याकाळी अफवा पुढे पाठवताना स्वतःच्याच शब्दांची लाज वाटायला हवी. मोबाईलवर आलेला विखारी मजकूर पुढे ढकलणारा अंगठा आणि दुआसाठी उचललेला हात एकाच माणसाचा असतो. दुआ हे त्या अंगठ्यावरचे बंधन आहे. इतके जरी झाले तरी दुआ वाया गेली नाही.

भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २२ मार्च २०२४ हा दिवस देशासाठी प्रार्थना आणि उपवासाचा म्हणून पाळायचे आवाहन केले होते. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. तो शुक्रवार होता, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातला. आणि आपल्याकडे तो रमजानचा दुसरा जुमा होता, अकरावा रोजा. या देशातले लाखो ख्रिस्ती आणि कोट्यवधी मुसलमान त्या एका दिवशी उपाशी होते. दोघांच्याही ओठांवर देशाची शांतता असू शकली असती. ते उपाशी असल्याचे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते? आपण उपाशी असल्याचे त्यांना माहीत होते, कारण रमजान सगळ्यांना ठाऊक असतो. शेजाऱ्याच्या उपवासाची खबर ठेवणे ही देशप्रेमाची फार साधी पायरी आहे, आणि ती चढायला कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी एक गोष्ट भाषेची. आम्ही उर्दू शिकवतो, उर्दूवर आमचे प्रेम आहे आणि दुआची उर्दू आम्हाला काळजाजवळची वाटते. तरीही आमचे मत असे झाले आहे की देशासाठी मागायचे तेवढे आपण मराठीतही मागावे. ईश्वराला सगळ्या भाषा कळतात, हे खरे. पण ज्याच्या भाकरीसाठी आपण मागतो त्या शेजाऱ्याला त्याच्यासाठी काय मागितले जात आहे ते कळावे. यावर कोणी म्हणेल, ही तर रियाच झाली. आम्हाला तसे वाटत नाही. दिखाव्याला टाळ्या हव्या असतात. आपण शेजाऱ्याच्या हाती तपासणी देत आहोत. मराठीत मागितले की आपण शब्दाला बांधले जातो. मैदानात एक आणि मोहल्ल्यात दुसरे, असे मग करता येत नाही. टिळकांनी चर्चमधली प्रार्थना मराठी केली तेव्हा ख्रिस्ती माणसाला मराठी मुलखात आपले घर सापडले. शेख महंमदांनी श्रीगोंद्याला चार शतकांपूर्वी मराठीत लिहिले, ते काही कोणाला प्रमाणपत्र दाखवण्यासाठी नव्हे. त्यांना जे सांगायचे होते ते ऐकणारी माणसे मराठी होती, एवढेच.

तेव्हा मागणी साधी असावी. या देशात कोणी भयाने झोपू नये. कोणाची भाकरी त्याच्या धर्मामुळे हिरावली जाऊ नये. राज्य करणाऱ्यांना न्यायाची बुद्धी मिळो, आणि ज्यांना ती नको असेल त्यांच्या हाती राज्य न राहो. आणि हे सारे घडवताना आमच्या हातून जे व्हायचे आहे ते आमच्याकडून करून घेतले जावो. असे मागणारा माणूस मशिदीत आहे की चर्चमध्ये, हे विचारण्याचे कारण उरत नाही. 'आमीन' हा शब्दही चर्चमध्ये आणि मशिदीत एकच आहे.